जुन्या गाडीत कंपनीचा डेक तसाच ठेवून सबवूफर जोडायचा आहे

मागची_सीट

नमस्कार मंडळी.

माझी सेडान जुनी आहे, पण इंजिन ठणठणीत आहे आणि पत्रा कुठे गंजलेला नाही. ती विकायचा विचार नाही. आत कंपनीचाच डेक आहे: रेडिओ, सीडी, ऑक्स. चार दारांत चार स्पीकर. वरचा आवाज स्वच्छ येतो, खालचा जवळजवळ नाहीच. तबल्याची चाट ऐकू येते, डग्ग्याचा घुमारा येत नाही. बास गिटार गाण्यात आहे हे आठवणीनेच समजून घ्यायचं. बासचं बटण वाढवलं की दारं थरथरतात आणि गाणाऱ्याचा आवाज फाटतो.

डेक बदलायचा नाही. तो डॅशबोर्डच्या आकारातच बसवलेला आहे, स्टिअरिंगवरची बटणं त्यालाच जोडलेली आहेत, घड्याळ आणि बाहेरचं तापमानही त्याच्याच पडद्यावर दिसतं. त्याच्या मागे आरसीए सॉकेट, म्हणजे बाहेरच्या अँपला (अँप्लिफायरला) सिग्नल द्यायची जागा, नाहीत.

मला गाडी हादरवायची नाही. गाण्यात जे आहे ते सगळं ऐकायचं आहे. सीटखाली बसणारा तयार सब (सबवूफर, फक्त खालच्या स्वरांचा स्पीकर, आतच अँप असलेला) घ्यावा, की डिकीत खोका ठेवून वेगळा अँप लावावा? आणि आरसीए नसताना सिग्नल घ्यायचा कुठून? डिकी आम्हाला सामानाला लागते, हे आधीच सांगून ठेवतो.

पाना_पक्कड

डेक बदला. बाकी सगळं जुगाड आहे.

तांबडी_तार

पाना_पक्कड, अजिबात सहमत नाही. आरसीए नसणं हा आता अडथळा राहिलेला नाही. बहुतेक सीटखालच्या सबना आणि बऱ्याच छोट्या अँपना 'हाय लेव्हल' इनपुट असतो. त्यात स्पीकरच्या तारा थेट जोडायच्या. तो नसेल तर मध्ये लाइन आउटपुट कन्व्हर्टर लावायचा. स्पीकरला जाणारा जोरकस सिग्नल तो अँपला झेपेल इतका खाली आणतो.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. आजकालच्याच नव्हे, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या बहुतेक डेकमध्येही स्पीकरच्या दोन्ही तारा 'जिवंत' असतात. उणे तार म्हणजे बॉडी अर्थ नव्हे. स्पीकरची उणे तार चुकूनही गाडीच्या पत्र्याला लावू नका, डेकच्या आतली आयसी (स्पीकर चालवणारी चिप) जाईल.

दोन्ही तारांवर बॅटरीच्या साधारण निम्मा, म्हणजे सहा-सात व्होल्ट डीसी दाब असतो. काही सब तेवढ्यावरूनच डेक चालू झाला हे ओळखतात आणि आपोआप जागे होतात. तुमच्या सबला ही सोय असेल तर रिमोटची (सबला चालू-बंदचा इशारा देणारी) वेगळी तार ओढावी लागणार नाही.

घुमारा

मागची_सीट, सब घेण्याआधी दारांकडे बघा. तुम्ही जे वर्णन केलंय (बास वाढवला की दार थरथरतं, आवाज फाटतो) ते ऐकून मला पहिली शंका स्पीकरचीच येते. जुन्या स्पीकरच्या कडेचा फोम वयाने चुरा होतो. दाराचं कव्हर काढून कड बोटाने हलकेच दाबून बघा. फोम भुगा होऊन हातात आला तर नवे स्पीकर घ्या, त्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

दुसरं म्हणजे दाराच्या आतल्या पत्र्यात मोठी भोकं असतात, त्यावर फक्त प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवलेला असतो. कोनच्या (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या) मागचा आवाज त्या भोकांतून पुढे येतो आणि पुढच्या आवाजाला मारतो, कारण दोन्ही एकमेकांच्या बरोबर उलटे असतात. सगळ्यात जास्त मार बासला बसतो. बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटाइलची (थरथर मारणारी रबरी) शीट आणि आतली भोकं नीट बंद, एवढ्याने त्याच स्पीकरमधून वेगळाच आवाज येतो. दाराच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात, ती मात्र उघडी ठेवायची.

शांत_प्रवासी

घुमारा +१. मी फक्त दारंच केली, सब लावलाच नाही. माझ्यासाठी पुरेसं झालं.

घुमारा

@शांत_प्रवासी, दारांनी साठ-सत्तर हर्ट्झपर्यंत बरं वाटतं, पण त्याच्या खाली साडेसहा इंची स्पीकर काही करू शकत नाही. बास गिटारची सगळ्यात जाड मोकळी तार ४१ हर्ट्झवर बोलते. मागची_सीट यांना ती ऐकायची असेल तर सब लागेलच.

पाना_पक्कड

माझं 'डेक बदला' हे उगाच नव्हतं. कंपनीचे कितीतरी डेक आवाज वाढवला की बास आपणहून कमी करतात, छोटे स्पीकर फाटू नयेत म्हणून. तिथून सिग्नल घेतला तर गाणं हळू असताना सब दणदणीत वाजेल आणि आवाज वाढवला की गप्प बसेल. मग सांगा, तो सब कशासाठी लावला?

ओहमकार

पाना_पक्कड यांचा हा मुद्दा खरा आहे, पण त्यासाठी डेक फेकायची गरज नाही, आधी मोजा. ५० हर्ट्झ आणि २०० हर्ट्झ असे दोन टोन घ्या, एकाच पातळीवर रेकॉर्ड केलेले. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून मागच्या स्पीकरच्या दोन तारांमध्ये धरा. बास-ट्रेबल मध्यावर, लाउडनेस बंद. आवाजाच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर दोन्ही टोनचे व्होल्ट लिहून काढा. दोन्ही आकडे बरोबरीने वाढत गेले तर डेक प्रामाणिक आहे. वरच्या पायऱ्यांवर ५० चा आकडा मागे पडायला लागला तर बास कापला जातोय. १००० हर्ट्झचा टोन वापरू नका, बरेच साधे मल्टीमीटर ४०० हर्ट्झच्या पुढे भरवशाचे नसतात.

कापला जात असेल तर सिग्नल सरळ करणारा डीएसपी मध्ये बसवता येतो. नसेल तर साधा हाय लेव्हल इनपुट पुरतो.

डेकवर '५० वॉट × ४' छापलेलं असेल तर त्यावर जाऊ नका. आतल्या आयसीला मिळतात १४.४ व्होल्ट. त्यावर ४ ओहमच्या स्पीकरला शुद्ध टोनचे जास्तीत जास्त २६ वॉट निघतात, आणि आयसीतले तोटे गेले की १८ ते २०. बासला हेच वॉट सगळ्यात जास्त लागतात. म्हणून बास वाढवला की गाणाऱ्याचा आवाज फाटतो, डेकची ताकद तिथे संपलेली असते. सब स्वतःच्या अँपवर चालला आणि डेकवरचा बास तुम्ही परत मध्यावर आणला, की त्याच डेकला गायकासाठी जागा मिळते. मला विचाराल तर सब लावल्याचा अर्धा फायदा हाच आहे.

रात्रीचा_चालक

मी सीटखालचा आठ इंची सब वापरतो. लांबच्या प्रवासात, हळू आवाजात, तो फार सुंदर वाटतो. पण खरेदीआधी सीटखालची उंची मोजा. सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे आणि पूर्ण खाली करून, तीनही वेळा. सीटचे रूळ आणि मधली आडवी पट्टी कुठे येते तेही बघा.

आणि सीटखाली पिवळ्या आवरणातल्या तारा किंवा पिवळा कनेक्टर दिसला तर त्याला हात लावू नका. त्या एअरबॅगच्या किंवा सीटबेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेच्या असतात. सीट काढावीच लागली तर आधी बॅटरीची उणे तार सोडवा, थोडा वेळ थांबा, मगच कनेक्टर काढा. जोडणी पूर्ण होईपर्यंत चावी फिरवायची नाही, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागून राहतो.

स्वरपेटी

माझ्या सेडानमध्ये डिकीत दहा इंची बंद खोका आहे. डिकी आणि केबिनच्या मध्ये मागची सीट आणि वरची कठडी येते, त्यामुळे बराच आवाज डिकीतच अडकतो. हॅचबॅकमध्ये हा प्रश्न नसतो. मागच्या सीटच्या मधल्या हात-टेकणीमागे झडप असेल तर ती उघडली की फरक लगेच कळतो. ती नसेल तर सेडानमध्ये सीटखालचा छोटा सबसुद्धा डिकीतल्या मोठ्याला तोडीस तोड वाटू शकतो, कारण तो तुमच्याच खोलीत बसलेला असतो.

पाना_पक्कड

आणि पोर्टवाला (हवा जायला नळी असलेला) खोका? आवाज जास्त येतो.

स्वरपेटी

येतो, पण ठरावीक पट्ट्यात. पोर्ट ज्या वारंवारितेवर जुळवलेला असतो त्याच्या खाली गेलं की कोनला मागून हवेचा आधार राहत नाही, तो सैल धावायला लागतो. म्हणून तिथे फार खालचे स्वर अडवणारा सबसॉनिक फिल्टर लागतोच. शिवाय खोका आकाराने मोठा, आणि मागची_सीट यांना डिकी हवी आहे.

बंद खोक्याचं गाडीत एक छान जमतं. केबिनची आतली लांबी अडीच मीटर धरा. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, म्हणजे साधारण ६९ हर्ट्झला अर्धी लाट केबिनमध्ये मावते. त्याच्या खाली केबिनमधली सगळी हवा एकदम दाबली जाते आणि सोडली जाते, त्यामुळे खालचे स्वर आपोआप वर उचलले जातात. कागदोपत्री दर सप्तकाला १२ डेसिबल. बंद खोक्याचा आवाज खाली उतरतो तोही दर सप्तकाला १२ डेसिबलनेच. दोन्ही एकमेकांना बरंचसं फेडतात. खऱ्या गाडीत काचा-दारांच्या फटींतून दाब निसटतो, पत्रा थोडा लवतो, म्हणून एवढा फायदा मिळत नाही. तरी घरात फिका वाटणारा छोटा सब गाडीत खोल उतरतो तो यामुळेच.

मागची_सीट

हे मला अजिबात माहीत नव्हतं. स्वरपेटी, ओहमकार, मनापासून आभार. मल्टीमीटर आहे, टोन डाउनलोड करतो. तोवर वीज कुठून घ्यायची ते सांगा. सिगरेट लायटरच्या सॉकेटमधून चालेल का? फिटर म्हणाला चालेल.

तांबडी_तार

नाही!! फिटर बदला.

हिशेब करून बघा. ३०० वॉट आरएमएसचा (म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचा) क्लास डी अँप, कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बॅटरीकडून ३७५ वॉट मागतो. १३.८ व्होल्टला झाले २७ अँपिअर. गाणं सतत एवढं ओढत नाही हे खरं, पण डग्ग्याच्या प्रत्येक थापेला क्षणभर ओढतंच. लायटरची तार आणि फ्यूज एवढ्यासाठी नसतात.

पॉवरची तार थेट बॅटरीच्या धन टोकाहून आणायची. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज. हा फ्यूज अँपसाठी नसतो, तारेसाठी असतो. ओळखीच्या एकाच्या गाडीत फ्यूज मागे, अँपजवळ लावला होता. इंजिनमागच्या पत्र्याच्या भोकात तार घासून सोलली आणि पत्र्याला टेकली. बॅटरी ते भोक या भागात फ्यूजच नव्हता, तार लाल होऊन वितळली. माणसं गाडीबाहेर होती म्हणून निभावलं. भोकात रबरी ग्रोमेट हवाच, आणि तारेवर पन्हळी नळी.

तार शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार दिसायला तशीच असते, पण वीज तांब्याच्या जेमतेम दोन तृतीयांश वाहते. घ्यायचीच झाली तर एक-दोन माप जाड घ्या. तुमच्या कामाला ८ गेजची, म्हणजे साधारण सव्वाआठ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरेल.

अर्थची तार तेवढीच जाड आणि होईल तितकी आखूड. रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर बोल्ट, वर ग्रीस म्हणजे गंज धरणार नाही. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थ लावू नका, तो बोल्ट जीव वाचवण्यासाठी आहे.

डिकी_फुल

अवांतर प्रश्न. ते मोठे चकाकते कपॅसिटर लावल्याने हेडलाइट मंद व्हायचे थांबतात का?

ओहमकार

१ फॅरडचा कपॅसिटर १४.४ व्होल्टवरून १२ पर्यंत उतरला तर त्यातून सुमारे ३२ ज्यूल मिळतात. वरचा अँप ३७५ वॉट मागतो. भागाकार केलात तर सेकंदाचा दहावा हिस्साही निघत नाही. आणि रिकामा झाला की तो परत भरायचं ओझं अल्टरनेटरवरच. दिवे मंद होत असतील तर आधी बॅटरीचं वय, बॅटरीची टोकं, आणि इंजिन ते बॉडी जी अर्थची पट्टी असते ती तपासा. जुन्या गाडीत ती पट्टी कुजलेली असते. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत.

डिकी_फुल

म्हणजे तो फक्त दागिना. कळलं :)

शांत_प्रवासी

माझ्या भावाच्या गाडीत अँप लावल्यापासून स्पीकरमधून 'ऊंऽऽ' असा बारीक आवाज येतो. अॅक्सिलरेटर दाबला की सूर चढतो. हे काय आहे?

तांबडी_तार

अल्टरनेटरची किणकिण. डेकचा अर्थ आणि अँपचा अर्थ यांच्या पातळीत फरक पडलाय आणि तो फरक सिग्नलच्या तारेतून वाहतोय. आधी अँपचा अर्थ उघडून पुन्हा खरवडून लावा, बहुतेक वेळा तिथेच सुटतं. सिग्नलच्या तारा आणि पॉवरची तार गाडीच्या एकाच बाजूने आणल्या असतील तर वेगळ्या करा. तरीही राहिलं तर आयसोलेटर (दोन्ही अर्थ एकमेकांपासून तोडणारा डबा), पण तो शेवटी. सिग्नल स्पीकरच्या तारांवरून घेतला असेल तर हा त्रास सहसा कमी असतो.

मागची_सीट

मोजून आलो. आवाजाच्या तीन चतुर्थांश पायऱ्यांपर्यंत ५० आणि २०० हर्ट्झचे आकडे हातात हात घालून चाललेत. त्याच्या पुढे ५० चा आकडा थबकतो. तेवढ्या आवाजात आम्ही कधी ऐकत नाही, त्यामुळे डेक राहतोय.

दारंही उघडली. पुढच्या दोन्ही स्पीकरचा फोम गेला होता, मागचे ठीक. पुढचे नवीन बसवले, शीट लावली, भोकं बंद केली. सब अजून आलेला नाही, तरी गाणं ओळखू येईनासं झालंय इतकं बदललं. घुमारा, तुमचा सल्ला मी पहिला ऐकला हे फार बरं झालं.

आता सीटखालचा आठ इंची, १५० वॉट आरएमएस, हाय लेव्हल इनपुटवाला घ्यायचं ठरवलंय. सिग्नल मागच्या स्पीकरचा घेऊ की पुढचा?

रात्रीचा_चालक

मागचा घ्या. डेकचा फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरमधला तोल) मागच्या तारांवर काम करतो, म्हणजे फेडर पुढे सरकवला की सबचाही जोर कमी होतो. गाडी चालवता चालवता हाताशी एक जादा नियंत्रण. सबबरोबर छोटा नॉब मिळाला तर तोही डॅशबोर्डखाली लावा. मागे कोणी झोपलं असेल तेव्हा कामाला येतो.

पाना_पक्कड

ठीक आहे, डेक राहू द्या :) पण गेन पूर्ण फिरवून ठेवू नका. ते आवाजाचं बटण नाही.

ओहमकार

पाना_पक्कड +१०. गेन म्हणजे डेकच्या व्होल्टची अँपशी घातलेली गाठ. वेगळा अँप असता तर सबची तार काढून, ५० हर्ट्झचा टोन लावून, डेक तीन चतुर्थांशवर ठेवून, अँपच्या टोकांवर मल्टीमीटरने मोजता आलं असतं. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: १५० वॉट ४ ओहमला २४.५ व्होल्ट. तयार सबमध्ये आतली तार हाताशी नसते, म्हणून कानाने करा. ओळखीचं गाणं, डेक तुमच्या कमाल आवाजावर, गेन शून्यावरून हळूहळू वाढवत जा. बास जाडाभरडा व्हायला लागला किंवा सीटकडून येतोय हे कळायला लागलं की थोडं मागे या.

लो पास (सबकडे फक्त खालचे स्वर जाऊ देणारा फिल्टर) ८० हर्ट्झपासून सुरू करा. जास्त वर नेलात तर पुरुषी आवाजाचा खालचा भाग सीटखालून यायला लागतो, ते फार विचित्र वाटतं.

घुमारा

नव्या पुढच्या स्पीकरना खालच्या स्वरांपासून वाचवायचं असेल तर धन तारेत एकेक नॉन-पोलर कपॅसिटर लावता येईल. ४ ओहमला साधारण ४०० मायक्रोफॅरड म्हणजे १०० हर्ट्झपासून खाली हलका उतार. डेकमध्ये हाय पास (खालचे स्वर अडवणारा फिल्टर) नाही म्हणून हा उपाय. आवाज फाटत नसेल तर लावू नका, उगाच दारांचा भरीवपणा जाईल.

मागची_सीट

सब बसला! पॉवर बॅटरीवरून, फ्यूज बॅटरीजवळच, ग्रोमेट नवीन. किणकिण नाही. कपॅसिटर सध्या लावले नाहीत. डग्गा आला मंडळी. मींड घेतलेली कळते, नुसती थाप नाही.

दोनच गोष्टी राहिल्यात. एक, फेजचं (सबचा कोन दारांच्या स्पीकरबरोबर हलावा की उलटा, हे ठरवणारं) बटण ० वर ठेवू की १८० वर? दोन, एका ठरावीक स्वराला डाव्या बाजूला कुठेतरी काहीतरी खणखणतं.

स्वरपेटी

अभिनंदन! मींड कळते म्हणजे जमलं.

फेज: चालकाच्या जागेवर बसा, काचा बंद, ८० हर्ट्झचा टोन लावा, दुसऱ्या कोणाला तरी बटण इकडून तिकडे करायला सांगा. ज्या बाजूला जास्त भरीव ऐकू येईल ती ठेवा. १८० निघालं तर काही चुकलंय असं समजू नका. ८० हर्ट्झची लाट ४.३ मीटर लांब असते, सब आणि दारं तुमच्यापासून वेगवेगळ्या अंतरावर आहेत, आणि फिल्टरही फेज फिरवतो.

तांबडी_तार

खणखणीसाठी ३० ते १०० हर्ट्झ हळूहळू चढत जाणारा टोन लावा. आवाज येईल तिथे थांबवा आणि बाजूला बसलेल्याला एकेक भाग तळहाताने दाबायला सांगा: ग्लोव्ह बॉक्स, दाराचं कव्हर, खांबावरचं प्लास्टिक, सीटबेल्टचं बक्कल. दाबल्यावर जिथे गप्प होईल तिथे मागे फेल्टची पट्टी. नंबरप्लेटही बघा, तिचा आवाज कधीकधी आत असल्यासारखा वाटतो.

मागची_सीट

१८० निघालं. खणखण ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाची होती, खटका झिजलाय. तात्पुरती फेल्ट लावली आहे, खटका मागवला.

डिकी_फुल

माझी हॅचबॅक आहे, मागची सीट नेहमी पाडलेली असते. मग मलाही सीटखालचाच घ्यायचा, की डिकीत खोका?

स्वरपेटी

तुम्हाला खोका. केबिन आणि डिकी एकच आहे, अडथळा नाही. बंद खोका मागच्या दाराकडे तोंड करून ठेवा, तोंड आणि दार यांच्यात हातभर जागा सोडून बघा, मग जवळ सरकवत जा. आणि पट्ट्याने जमिनीला नीट बांधा. ब्रेक लागला की तो पुढे येतो, आणि सीट पाडलेली असल्यामुळे त्याला अडवायला काहीच नाही.